रोगावर बायोलॉजी प्रोजेक्ट करायचाय? मग आधी “का” विचारायला शिका

रोगावर प्रोजेक्ट मिळाला की बहुतेक जण काय करतात, तर लगेच गुगल उघडतात, कारणं-लक्षणं-उपचार-प्रतिबंध असे चार मथळे टाकतात आणि प्रत्येकाखाली पाच-सहा ओळी कॉपी करतात. पानं भरतात, पण बायोलॉजी त्यात कुठेच सापडत नाही. ती असते त्या मथळ्यांच्या मधे. अमुक कारणामुळे नेमकं हेच लक्षण का येतं, आणि हेच औषध का लागू पडतं, हे सांगता आलं की प्रोजेक्ट झाला. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला आपोआप बसतं.

सुरुवात रोग निवडण्यापासून, आणि इथेच अर्धं काम बिघडतं किंवा जमतं. “कॅन्सर” हा विषय घेऊ नका. तो एक रोग नाहीये, शंभराहून जास्त वेगवेगळ्या रोगांचा गट आहे. “हृदयविकार” पण तसाच. “हिपॅटायटिस” घेतलात तर ए, बी, सी, डी, ई यातला कुठला ते आधी ठरवा, कारण ए आणि ई मुख्यतः दूषित पाण्यातून-अन्नातून पसरतात आणि बी-सी रक्तातून, म्हणजे सगळी गोष्टच बदलते. शाळेच्या प्रोजेक्टला असा रोग बरा ज्याचं मूळ कारण किंवा निदान मूळ बिघाड नक्की माहीत आहे आणि तिथून लक्षणापर्यंत बोट ठेवत जाता येतं: सिकल सेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), कॉलरा, टाइप १ डायबिटीस, हिमोफिलिया, मलेरिया, स्कर्व्ही. स्कर्व्हीला जुना रोग म्हणून हसू नका हं, व्हिटॅमिन सी नसेल तर शरीराला धड कोलॅजेन (पेशी-ऊती बांधून ठेवणारं प्रथिन) बनवता येत नाही, म्हणून हिरड्यांतून रक्त येतं आणि भरलेल्या जुन्या जखमा परत उघडतात, आणि १७४७ मधे जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला तेव्हा संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यात लवकर सुधारली. एवढ्यात रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आणि प्रयोग कसा आखायचा हे तिन्ही आलं.

आता “का” विचारत जायचं म्हणजे काय ते सिकल सेलवर करून दाखवतो.

पुस्तकात एक ओळ असते: तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात. का होतात? कारण हिमोग्लोबिन बिघडलेलं असतं. का बिघडलं? अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललंय, ए च्या जागी टी, त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. बरं, मग एका अमिनो आम्लाने एवढं काय होतं? व्हॅलिनला पाणी नको असतं, म्हणून ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि पेशी आतून ताणली जाते. ताठ झालेली पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, पुढे ऑक्सिजन जात नाही, म्हणून त्या भयंकर वेदना. आणि नेहमीची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते तर ही १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून अॅनिमिया, आणि फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं म्हणून डोळे पिवळे. बघा, लक्षणांची यादी पाठ करावीच लागली नाही.

इथे थांबू नका. जो प्रश्न विचित्र वाटतो तो विचारा. उदाहरणार्थ, हा रोग जन्मापासून आहे मग बाळाला पहिले काही महिने त्रास का होत नाही? तर बाळाच्या रक्तात पोटात असतानाचं, म्हणजे फीटल हिमोग्लोबिन असतं, त्यात बीटा ग्लोबिनची साखळीच नसते, म्हणून बिघाडही दिसत नाही. सहाएक महिन्यांत ते कमी होत जातं आणि मग त्रास सुरू होतो. जॅनेट वॉटसन या डॉक्टरांनी १९४८ मधेच हे ओळखलं होतं. आणि आता गंमत, हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः फीटल हिमोग्लोबिन वाढवूनच काम करतं, आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मधे मंजूर झालेली क्रिस्परवाली (जनुकात हव्या त्या जागी काप घेणाऱ्या तंत्राची) जीन थेरपीसुद्धा रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींत फीटल हिमोग्लोबिन बंद करणारं बटण निकामी करते. म्हणजे बाळांबद्दलच्या एका साध्या प्रश्नातून थेट आजच्या उपचारापर्यंत पोचलो. मला विचाराल तर अख्खा प्रोजेक्ट या एका धाग्यावर उभा करता येतो.

माहिती कुठून घ्यायची? आधी स्वतःच्या पाठ्यपुस्तकातला तो अवयव किंवा ती यंत्रणा निरोगी माणसात कशी चालते ते वाचा. हे सगळे टाळतात आणि मग अडतात. टाइप १ डायबिटीस घेतला आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, इन्सुलिन, पेशीत साखर कशी शिरते हे माहीत नसेल तर पुढचं सगळं नुसते शब्द राहतात. त्यानंतर मेडलाइनप्लस (अमेरिकी सरकारची आरोग्य-माहितीची वेबसाइट), डब्ल्यूएचओची त्या रोगावरची माहितीपत्रकं, सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था), एमएसडी मॅन्युअल हे वैद्यकीय संदर्भपुस्तक, हे सगळे ऑनलाइन फुकट आहेत आणि भाषा सोपी आहे. विकिपीडिया वाचा, खुशाल वाचा, फक्त तिथे थांबू नका, खाली ज्या संदर्भांवर ते वाक्य उभं आहे ते उघडून बघा.

थोडं पुढे जायचं असेल तर पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंध शोधायची वेबसाइट. तिथे रोगाचं नाव टाकलं की हजारो पेपर येतात आणि माणूस घाबरतो. बाजूला फिल्टर असतात, त्यातलं रिव्ह्यू आणि फ्री फुल टेक्स्ट हे दोन लावा. रिव्ह्यू म्हणजे कोणीतरी आधीचे बरेच अभ्यास वाचून एकत्र मांडलेलं असतं, शाळेसाठी तेच हवं. सारांश वाचा, प्रस्तावनेचे पहिले परिच्छेद वाचा, आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी नीट वाचा. मधलं सगळं कळलं नाही तरी चालेल. उंदरांवर केलेला अभ्यास आहे की माणसांवर, हे मात्र तपासाच, बातम्यांमधे हे बऱ्याचदा गायब असतं.

एआय चॅटबॉटला एखादी अवघड प्रक्रिया सोप्या शब्दांत समजावून सांग असं विचारायला हरकत नाही, पण त्याने दिलेला प्रत्येक पेपर शोधून बघा, कारण अस्तित्वातच नसलेली शीर्षकं तो अगदी खऱ्यासारखी लिहून देतो.

दोन ठिकाणी वेगळी माहिती दिसली तर आवडेल ती उचलू नका, फरक का आहे ते शोधा. सिकल सेलचंच बघा, कुठे अमिनो आम्लाचा बदल साखळीतल्या सहाव्या जागेवर लिहिलेला दिसेल तर कुठे सातव्या. दोन्ही बरोबर. साखळीच्या सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल नंतर कापलं जातं, ते मोजलं की सात, न मोजलं की सहा. असं कारण प्रोजेक्टमधे दोन ओळींत लिहिलंत तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की या मुलाने खरंच वाचलंय.

आकडे लिहिताना फार जपून. नवीन रुग्ण किती आणि एकूण रुग्ण किती हे वेगळे आकडे आहेत. सर्दीचे वर्षभरात नवीन रुग्ण प्रचंड असतात पण एखाद्या दिवशी मोजले तर कमी, आणि डायबिटीससारखा आयुष्यभराचा आजार असेल तर उलटं, एकूण आकडा वर्षावर्षाला साठत जातो. मृत्युदराचं तर विचारूच नका. गंभीर कॉलऱ्यात उपचार मिळाला नाही तर निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात, वेळेवर मिळाला तर एक टक्क्याहून कमी. मग “कॉलऱ्याचा मृत्युदर” एवढंच लिहून काय अर्थ निघणार? कुठल्या वर्षाचा, कुठल्या भागाचा, उपचार धरून की न धरून, हे आकड्याशेजारीच लिहा.

कॉलऱ्याचा विषय निघालाच आहे तर, हा रोग “का” विचारायला फार सुंदर आहे. १९५९ मधे कलकत्त्यात शंभूनाथ डे या शास्त्रज्ञांनी दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू वाढवून मग गाळून काढलेल्या, जंतू नसलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साठतं, म्हणजे खेळ जंतूने सोडलेल्या विषाचा आहे. हे विष आतड्याच्या पेशी मारत नाही, क्लोराइड बाहेर टाकायला लावतं आणि त्यामागे पाणी जातं. पण साखर आणि सोडियम एकत्र आत घेणारा रस्ता शाबूत असतो, म्हणूनच साखर-मिठाचं ओआरएस काम करतं. नुसतं पाणी का पुरत नाही, याचं उत्तरही यातच आलं.

ओळखीत कोणाला तो आजार असेल तर त्यांच्याशी बोला, पण आधी विचारून, ते नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा. नाव, फोटो, रिपोर्ट काहीही छापायचं नाही. आणि लहान मुलाला थेट विचारू नका, त्याच्या घरच्यांना विचारा. “हा आजार नसणाऱ्यांना काय कळत नाही?” हा प्रश्न विचारून बघा, कुठल्याही वेबसाइटवर न मिळणारी उत्तरं येतात. ज्यांच्या वेदनेबद्दल आपण मार्कांसाठी लिहितोय त्यांच्याबद्दल लिहिताना भाषा पण सांभाळा, “बिचारे”, “पीडित” वगैरे शब्द गाळा.

वाचताना वहीत प्रत्येक मुद्द्यापुढे तो कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला बघितला ते तेव्हाच लिहा, शेवटच्या रात्री शोधायला बसलात तर सापडत नाही. लिहिताना सगळे टॅब बंद करून आठवणीतून लिहा, मग उघडून दुरुस्त करा. कॉपी होणं यानेच टळतं.

आकृती स्वतः काढा. डाव्या टोकाला मूळ कारण, उजव्या टोकाला लक्षणं, मधे प्रत्येक पायरी एका बाणाने जोडलेली, आणि प्रत्येक उपचार ज्या बाणाला तोडतो त्या बाणावरच वेगळ्या रंगाने लिहायचा. जिथे बाण काढता येत नाही तिथे तुमचं वाचन राहिलंय, तेवढंच परत वाचा. तोंडी परीक्षेला जाताना हाच कागद हातात ठेवा आणि विचारलेला प्रश्न त्यातल्या कुठल्या बाणाचा आहे ते आधी बघून मग उत्तर द्या.