स्पोर्ट्स कारसाठी चांगले व्हील बेअरिंग कसे निवडावे

पावसाळा संपत आला की मुंबईतल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: गाडीने वेग घेतला की खालून घुं-घुं आवाज येतो. गाडी हिंदमाताच्या किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गेली असेल, तर संशय व्हील बेअरिंगवर, म्हणजे चाक ज्याच्या आधाराने फिरते त्या गोळ्यांच्या कड्यांवर, जाणे साहजिक आहे. ब्रेकमुळे तापलेला हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. मग ग्रीस खराब होते, गंज चढतो. शिवाय स्पोर्ट्स कारचे टायर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या कडेचे, असल्यामुळे खड्ड्याचा दणका रबरात फारसा जिरत नाही, तो बेअरिंगला बसतो.

आधी खात्री करा

टायर झिजला तरी असाच आवाज येतो. रस्ता बदलल्यावर, डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर तपासा. बेअरिंगचा आवाज रस्त्याला जुमानत नाही, वेगाबरोबर चढत जातो. कोस्टल रोड किंवा अटल सेतू यासाठी सोयीचा. वेगमर्यादेतच नीट ऐकू येते. मोकळ्या वळणावर लक्ष द्या. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, त्या वेळी आवाज वाढला तर डावीकडचे बेअरिंग संशयित.

नंतर गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन बघावे लागेल. प्ले नसला म्हणून बेअरिंग ठीक, असे मात्र नाही. सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवा, खरखर बोटांना कळते.

नेमका भाग शोधा

दुकानात नुसते मॉडेलचे नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, ब्रेक आणि वर्षानुसार बेअरिंग बदलते. १७ अक्षरी चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. काही गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये (knuckle, सस्पेन्शनला जोडलेला, बेअरिंग धरून ठेवणारा लोखंडी भाग) प्रेसने बसवतात, तर काहींत हबसकट पूर्ण युनिट बोल्टने लागते. दुसरा प्रकार बसवायला सोपा, पण महाग.

सगळ्यात जास्त घोळ एबीएसच्या एन्कोडरवर होतो. बऱ्याच आधुनिक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, तीच एन्कोडर. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर ती वाचतो. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी सगळे जुळणारे बिनएन्कोडरचे बेअरिंगही तिथे छान बसते, आणि मीटरवर एबीएसचा दिवा लागतो. स्पोर्ट्स कारमध्ये ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोलही याच सिग्नलवर चालतात, त्यामुळे तेही बंद पडू शकतात. बेअरिंग उलटे बसवले तरी हेच होते. म्हणून एन्कोडर आहे का आणि कोणत्या बाजूला, हे दुकानातच विचारा.

कोणत्या कंपनीचे घ्यावे

गाडीच्या कंपनीच्या डब्यात बहुधा बेअरिंग कंपनीचाच माल असतो. जुन्या बेअरिंगच्या कड्यावर नाव आणि क्रमांक कोरलेला दिसतो, तो पुसून वाचा. जर्मन गाड्यांत बऱ्याचदा एफएजी किंवा एसकेएफ, जपानी गाड्यांत एनएसके, एनटीएन किंवा कोयो सापडेल. तेच बेअरिंग त्या कंपनीच्या डब्यात घेतले तर पैसे वाचतात. 'मेड इन इंडिया' दिसले म्हणून नाक मुरडू नका; एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडलाच आहे.

सिरॅमिक गोळ्यांच्या 'रेसिंग' बेअरिंगचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत. ते वजनाने हलके असतात हे खरे, पण आपल्या खड्ड्यांत त्या हलकेपणाचा उपयोग काय? आणि गाडी रुंद दिसावी म्हणून स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले असतील, तर भार बेअरिंगच्या मध्यापासून बाहेर सरकतो. मग कितीही भारी बेअरिंग घाला, ते लवकरच जाणार.

डुप्लिकेट ओळखा

ऑपेरा हाउस किंवा नागदेवीच्या बाजारात खरा माल मिळतोच, पण डब्यावर विसंबू नका. हुबेहूब छपाई करणे अवघड राहिलेले नाही. अर्ध्या किमतीत मिळत असेल तर तिथेच थांबा. डब्यावरचा कोड तपासायला एसकेएफचे 'ऑथेंटिकेट', एफएजीच्या मालक कंपनीचे, शेफलरचे 'ओरिजिनचेक' आणि अनेक कंपन्यांसाठी मिळून 'डब्ल्यूबीए बेअरिंग ऑथेंटिकेटर' ही अ‍ॅप आहेत. पार्ट नंबरसकट पक्के बिल घ्या. कुर्ल्यातून सेकंडहँड बंपर खुशाल आणा, बेअरिंग नको.

बसवणारा निवडा

इथे कंजुषी केली तर आधीची सगळी मेहनत वाया. प्रेसचे बेअरिंग नकलमध्ये घालताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा आणि हब आत ढकलताना आतल्या कड्याला खालून आधार द्यायचा. जोर गोळ्यांमधून गेला की कड्यांवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच फेरीत गुणगुणायला लागते. 'हातोड्याने बसवतो साहेब, रोजचंच काम आहे' असे ऐकू आले तर गाडी काढून घ्या.

मधला अ‍ॅक्सल नट नवा वापरा. तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), टॉर्क रेंचनेच आवळायचा. अनेक गाड्यांत हा आकडा २०० न्यूटन-मीटरच्या वर असतो आणि काहींत त्यापुढे ठरावीक अंशही फिरवावे लागतात. इम्पॅक्ट गनने हा अंदाज येत नाही. नट पूर्ण आवळण्याआधी गाडी चाकांवर उतरवून ढकलूही नका.

दुसऱ्या बाजूचे बेअरिंग सोबत बदलायलाच हवे असे नाही. ते फिरवून पाहा, खरखर नसेल तर राहू द्या. गॅरेजमधून निघताना जुने बेअरिंग मागून घ्या, आणि नव्याचा रिकामा डबा तिथे न सोडता फाडून टाका. असे डबे डुप्लिकेट माल भरायला वापरले जातात.