पदवीच्या वर्गातले ड्रॉइंग : भाव उमटत नसेल, तर या चुका तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून कर्नाटकातील चार वर्षांच्या बीव्हीए (दृश्यकला पदवी) अभ्यासक्रमाला किंवा महाराष्ट्रातील बीएफएला (ललित कला पदवी) जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा हात बहुधा चांगला तयार असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र त्यांच्यापैकी अनेकांना एकच अभिप्राय मिळू लागतो : काम स्वच्छ आहे, पण यात तुमचे असे काय आहे? विद्यार्थी गोंधळतो, आपल्यात संवेदनाच कमी आहे असे त्याला वाटू लागते आणि मग तो चेहरे वाकडे करून किंवा कागद काळा करून ती उणीव भरू पाहतो. माझ्या मते दोष संवेदनेत क्वचितच असतो. कागद कसा ठेवला, कोणते साधन घेतले, कोणती रेघ दाबली आणि काय काढायचेच नाही असे ठरवले, या ठोस गोष्टींत तो सापडतो आणि म्हणूनच तो दुरुस्तही करता येतो.

ग्रेड परीक्षेची सवय पुढे चालू ठेवणे

ही सर्वांत खोलवर रुजलेली चूक आहे. कर्नाटकातील लोअर-हायर असो वा महाराष्ट्रातील एलिमेंटरी-इंटरमीजिएट, शाळकरी वयातल्या या चित्रकलेच्या परीक्षांत ठरलेल्या वेळात नीट बाह्यरेषा, गुळगुळीत छायांकन आणि स्वच्छ कागद यांना महत्त्व असते, आणि त्या वयात ते योग्यही आहे. पदवीच्या वर्गात हीच सवय अडथळा ठरते, कारण सगळीकडे सारख्या दाबाची रेघ ओढली आणि बोटाने किंवा कापसाने सगळे सारखे घासले, की चित्रातला प्रत्येक भाग सारख्याच आवाजात बोलू लागतो आणि काय महत्त्वाचे आहे ते पाहणाऱ्याला कळत नाही.

निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बाईचे हात काढायचे आहेत, असे समजा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, मापाने कापलेली पाने आणि दोऱ्याचे रीळ. सवयीचा विद्यार्थी प्रत्येक नख, प्रत्येक सुरकुती, सुपाची प्रत्येक वीण काढतो. त्याने दहा मिनिटे पेन्सिल खाली ठेवून नुसते पाहिले, तर त्याला दिसेल की सगळा जोर अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांशी एकवटलेला आहे, पान तिथेच वळते, तर उरलेली तीन बोटे फक्त आधाराला आहेत आणि मनगट जवळजवळ स्थिर आहे. मग रेघेचा दाबही तिथेच वाढला पाहिजे, बाकीची बोटे एकेका हलक्या रेषेत सुटली पाहिजेत आणि सूप कदाचित एका कडेपुरतेच यावे. वर्षानुवर्षांच्या कामाचा शीण दाखवण्यासाठी तिच्या चेहऱ्यावर दुःख काढण्याची गरज उरत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी तळहाताएवढ्या कागदावर तीन-चार लहान आराखडे करावेत आणि सर्वांत गडद जागा कोणती, कोरा कागद कुठे राहील, हे तिथेच ठरवावे.

साधनाकडून भलतीच अपेक्षा करणे

'काळे काळे होत नाही' ही तक्रार नेहमी ऐकू येते. पेन्सिलीतले ग्राफाइट दाबून भरले की चमकते आणि प्रकाश परावर्तित झाल्यामुळे राखाडीच दिसते. ८बीसारखी अगदी मऊ, गडद पेन्सिल घेऊनही खरा काळा मिळत नाही. त्यासाठी दाबून घट्ट केलेली चारकोलची (कोळशाची) कांडी किंवा शाई वापरावी. मात्र ग्राफाइटच्या जाड थरावर चारकोल नीट धरत नाही, त्यामुळे चारकोल वापरायचा असेल तर तो आधीच ठरवावा. साधा खोडरबर वारंवार घासला की कागदाचा पोत मरतो आणि पुढची रेघ त्यावर घसरते. पुटी रबराने (मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने) टिपून उजेड काढावा.

कागद मांडीवर आडवा ठेवणे आणि मोबाइलवरून चित्र काढणे

बोर्ड आडवा असला की कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो, तो आखूड दिसतो आणि हात नकळत तो लांबवतो. चित्र उभे केल्यावर डोके मोठे किंवा धड ताणलेले का दिसते, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. बोर्ड इझलवर तिरका उभा करावा आणि दर काही मिनिटांनी मागे सरून पाहावे. मोबाइलच्या छायाचित्राची अडचण वेगळी आहे. जवळून घेतलेल्या छायाचित्रात पुढचा हात किंवा नाक अवास्तव मोठे होते, सावल्या एकजीव काळ्या होतात आणि मुख्य म्हणजे निवड कॅमेऱ्याने आधीच करून टाकलेली असते. वडगाव-शहापूरच्या हातमागावर धोटा इकडून तिकडे जातो तेव्हा विणकराचे खांदे कसे हलतात, हे छायाचित्रात सापडत नाही. तिथे बसून एकेका मिनिटाची वीस रेखाटने करणेच उपयोगी पडते.

अभिव्यक्ती म्हणजे विकृती किंवा प्रतीके, असा समज

तुटलेले घड्याळ, साखळदंड, अश्रू गाळणारा डोळा ही चित्रे परीक्षकांनी असंख्य वेळा पाहिलेली असतात. चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर भागात फिरून शाईने काढलेली माणसे पाहावीत. त्यांतले हाडांचे सांगाडे भयंकर वाटतात, कारण ते निरीक्षणातून आलेले आहेत. दुसऱ्या टोकाला नसरीन मोहमदी यांचे काम आहे. १९७२ पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवणाऱ्या या चित्रकर्तीने आपल्या प्रौढ काळात आकृत्या पूर्ण वगळल्या आणि आरेखनाची साधने वापरून शाईच्या व पेन्सिलीच्या बारीक रेषांमधील अंतर, दाब आणि थांबणे एवढ्यावरच चित्र उभे केले. आवेग दाखवण्यासाठी हात झटकावाच लागतो असे नाही, हे तिच्या कामावरून स्पष्ट दिसते.

वारसास्थळाचे पोस्टकार्ड करणे

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर किंवा खानापूर तालुक्यातील हलशीची देवळे आपल्या अगदी जवळ आहेत, आणि त्यांचे रेखांकन प्रत्येकाने करावे असे मला मनापासून वाटते. परंतु समोरून संपूर्ण इमारत काढली की माहितीपर चित्र तयार होते. १३ व्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या कमल बस्तीच्या मंडपात एकच खांब निवडून तो सकाळी, दुपारी आणि दिवस कलताना काढावा. छतातील कमळाकडे मान वर करून पाहताना शरीराला जो ताण येतो, तोही विषय होऊ शकतो. एकाच गोष्टीची दहा-बारा चित्रे झाली की त्यांत आपला कल कुठे आहे, हे ती मालिकाच सांगू लागते.

पावसाळ्याकडे दुर्लक्ष

जांबोटी-कणकुंबीसारख्या अतिपावसाच्या भागात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दमट कागदावर चारकोल ठिगळासारखा बसतो, शाई पसरते आणि खोडताना कागदाचे तंतू निघतात. कागद भिंतीला टेकवू नये, कामे बटर पेपरमध्ये घालून आडवी ठेवावीत आणि ओलसर असताना प्लास्टिकमध्ये बंद करू नयेत, नाहीतर बुरशीचे डाग पडतात. फिक्सेटिव्ह (चित्र पुसले जाऊ नये म्हणून मारायचे फवाऱ्याचे द्रव्य) कोरड्या दिवशी, मोकळ्या हवेत, सुमारे ३० सेंटीमीटरवरून पातळ थरांत मारावे. त्याने छटा थोड्या गडद होतात, म्हणून आधी वेगळ्या तुकड्यावर पाहावे.

ज्युरीपुढे उसने बोलणे

ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षक मंडळापुढे, आपल्या कामाविषयी कन्नड किंवा इंग्रजीत टिपण द्यावे लागते म्हणून मराठी घरातले विद्यार्थी आधीच ठरीव वाक्ये गोळा करतात आणि समोरच्या कामाशी त्यांचा संबंध राहत नाही. टिपण आधी मराठीत लिहावे : काय पाहिले, कुठे बसून पाहिले, काय वगळले, कोणते साधन का घेतले. त्यानंतर वर्गमित्राच्या मदतीने ते हव्या त्या भाषेत न्यावे. पोर्टफोलिओत अंतिम कामांबरोबर ते सुरुवातीचे लहान आराखडे आणि सोडून दिलेली दोन-तीन चित्रेही ठेवावीत, कारण निर्णय कुठे बदलला हे त्यांवर बोट ठेवून सांगता येते आणि परीक्षकांचे बहुतेक प्रश्नही त्याच जागेबद्दल असतात.