तालुक्याच्या शाळेत निसर्ग मंडळ कसं सुरू करायचं (आणि दिवाळीनंतरही चालू कसं ठेवायचं)

पहिल्या वर्षी आम्ही सगळं उलटं केलं. फ्लेक्स छापला, पाहुणे बोलावले, नारळ फोडला, सत्कार झाले, 82 पोरांची नावं रजिस्टरला चढली आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मंडळ कुठं गेलं ते कुणालाच आठवत नव्हतं. फ्लेक्स मात्र पुढची दोन वर्षं सायकल स्टँडवर पावसाला आडोसा म्हणून उपयोगी पडला. म्हणून पहिलं सांगणं हेच की उद्घाटन करू नका, डायरेक्ट काम सुरू करा.

1. आधी वेळ, मग बाकीचं

तालुक्याच्या शाळेत निम्मी पोरं आजूबाजूच्या गावांतून एसटीने येतात. शाळा सुटल्यावर मीटिंग ठेवली की त्यांची गाडी चुकते आणि पुढच्या वेळी ती येतच नाहीत, मुली तर नाहीच नाही, घरून ओरडा बसतो. आम्हाला उत्तर सापडलं ते शनिवारच्या सकाळच्या शाळेत. सगळे तसेही लवकर आलेले असतात आणि पक्षी बघायला सकाळच बरी, उन्हं चढली की ते गप्प होतात. शनिवारची कार्यानुभवाची तासिका मागून घ्या, शक्यतो पहिली.

2. मुख्याध्यापकांकडे काय मागायचं

तीनच गोष्टी: ती तासिका, कपाटाचा एक कप्पा, आणि गेटजवळच्या फळ्याचा कोपरा. पैसे मागू नका, पैसे मागितले की विषय कमिटीसमोर जातो आणि मग तो जातोच. अजून एक, जुन्या फायली चाळून बघा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची राष्ट्रीय हरित सेना ही योजना 2001-02 मध्ये सुरू झाली होती, तिच्याखाली तुमच्या शाळेत कागदावर एखादं मंडळ असेलही. असेल तर त्याच नावाखाली काम करा, नवीन परवानगीची भानगडच नको.

3. पोरं कोणती

दहावीची नको, त्यांना जादा तास आणि सराव परीक्षा असतात. सातवी-आठवीची बारा पोरं पुष्कळ झाली, तीन-तीनचे चार गट. आणि फक्त पहिल्या बाकावरची घेऊ नका प्लीज. आमच्याकडे एक मुलगा होता, वर्गात तोंड उघडायचा नाही. कुंपणावर काळा पक्षी बसलेला बघून मी घाईत कावळा लिहायला सांगितलं तर हा हळूच म्हणाला, "सर, पंख बघा की, तपकिरी हायेत. भारद्वाज हाय तो. आमचा आजा कुंभारकावळा म्हणतो." दुसऱ्या दिवशी मंडळाच्या नोंदवहीत नवीन रकाना आखला, 'घरी काय म्हणतात'. अख्ख्या वहीत मला तोच रकाना सगळ्यात जास्त आवडतो.

4. नेमकं करायचं काय

मोजायचं. मंडळं बंद पडतात ती बहुतेक वेळा दर आठवड्याला करण्यासारखं काही नसतं म्हणून, वृक्षारोपण वर्षातून एकदाच होतं. चार गटांना चार जागा कायमच्या वाटून द्या: मैदानाचा कोपरा, वडाखाली, पाण्याच्या टाकीजवळ आणि खिचडी शिजते त्या शेडमागे (कावळे तिथेच जास्त, त्यामुळे या जागेवरून भांडणं होतात). 15 मिनिटं एका जागी गप्प उभं राहायचं आणि दिसेल ते लिहायचं. तारीख, वेळ, ढग की ऊन, पक्षी, किती. नाव माहीत नसेल तर ठोकून द्यायचं नाही, "अनोळखी, चिमणीएवढा, पोट पिवळं, शेपूट सारखी हलवतो" असं लिहायचं. हे वर्णन नंतर कामाला येतं.

मोबाईल एकच, शिक्षकांचा. मर्लिन हे फुकटचं ॲप आकार, रंग, जागा विचारून नावं सुचवतं, आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक आधी उतरवून ठेवला की नेट नसलं तरी चालतं. पण त्याचं म्हणणं ब्रह्मवाक्य समजू नका, वहीतल्या वर्णनाशी ताडून बघा. जमलं तर नोंदी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणारी वेबसाइट) शिक्षकांच्या खात्यातून चढवा. पाऊस असेल तर व्हरांड्यातून मोजा, पण शनिवार चुकवू नका, एक चुकला की दुसरा चुकायला वेळ लागत नाही.

5. सोमवारी एक ओळ

परिपाठात मंडळातल्या एकाने एकच वाक्य सांगायचं. "शनिवारी टाकीजवळ 9 साळुंक्या आणि 1 खंड्या दिसला." बस. भाषण नको. तीच ओळ फळ्यावर लिहायची. महिन्याभरात बाकीची पोरं स्वतःहून येऊन सांगायला लागतात की सर आमच्या विहिरीवर पण खंड्या आहे.

6. वर्षाचं गणित

जूनमध्ये सुरू केलंत तर पावसाळाभर हात बसतो, मग थंडीच्या तोंडावर धोबी पक्षी यायला लागतात आणि पोरांना पहिल्यांदा कळतं की वहीत काहीतरी बदललं. 5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या पक्षी अभ्यासकांच्या जन्मदिवसांच्या मधला आठवडा. तो बऱ्याचदा नेमका दिवाळीच्या सुट्टीत येतो, त्यामुळे कार्यक्रम ठेवायचा नाही, प्रत्येकाने आपल्या गावात घरामागे मोजायचं आणि सुट्टीनंतर वह्या शेजारी ठेवून बघायच्या. आमचं मंडळ दुसऱ्या वर्षी दिवाळी ओलांडून गेलं ते यामुळेच. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी असतोच, दोन-तीन तरी असतात, तुम्ही वहीवरून काढलेला आलेख लावा.

7. वही पुढे देणं

वार्षिक परीक्षेआधी, फेब्रुवारीतच, मोठ्या वर्गातल्यांनी सातवीच्या पोरांबरोबर दोन शनिवार मोजायचं आणि मग वही त्यांच्या हातात द्यायची. त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आमची एक वही रद्दीत गेलीय. कपाटाची चावी कुणाकडे दिली ते शिपाई काकांच्या कानावर घालून ठेवा, कारण पोरं चावी घरी विसरणार आणि शनिवारी सकाळी कप्पा उघडायला हाक त्यांनाच जाणार.