डब्ल्यूसीएफचा क्लायंट बंद करण्याची योग्य पद्धत

डॉट नेट फ्रेमवर्क ३.० सोबत २००६ साली आलेले डब्ल्यूसीएफ (विंडोज कम्युनिकेशन फाउंडेशन, म्हणजे प्रोग्रामना नेटवर्कवरून एकमेकांशी जोडणारी मायक्रोसॉफ्टची चौकट) अनेक जुन्या प्रणालींमध्ये आजही वापरात आहे, आणि त्याचा क्लायंट, म्हणजे सेवेला कॉल करणारा ऑब्जेक्ट, ‘युजिंग’ ब्लॉकमध्ये (जो संपताच ऑब्जेक्ट आपोआप बंद होतो) लिहिण्याची सवयही तितकीच टिकून आहे. फाइल किंवा डेटाबेस कनेक्शनसाठी ही सवय उत्तमच; इथे मात्र ती घातक ठरते.

याचे कारण असे की ब्लॉक संपताना चालणारे ‘डिस्पोज’ आतून ‘क्लोज’ हीच मेथड चालवते. सेशन (सर्व्हरशी चालू राहणारा संवाद) असलेल्या बाइंडिंगमध्ये (जोडणीच्या पद्धतीत) ‘क्लोज’ला सर्व्हरशी बोलूनच सेशन संपवावे लागते, त्यामुळे नेटवर्क तुटले किंवा ठरलेली वेळ उलटली, तर तेही अपयशी ठरू शकते. चॅनेल, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हरमधला दुवा, आधीच ‘फॉल्टेड’ (बिघडलेल्या) अवस्थेत असेल, तर ‘क्लोज’ स्वतःचे नवे एक्सेप्शन देते आणि ज्या मूळ चुकीने चॅनेल बिघडले, ती त्याखाली झाकली जाते. लॉग वाचणाऱ्याच्या हाती खरे कारण लागतच नाही. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष हाच आहे.

म्हणून ‘ट्राय’ आणि ‘फायनली’ वापरावे. ‘ट्राय’च्या आधी एक बूलियन व्हेरिएबल ‘फॉल्स’ ठेवावे. ‘ट्राय’मध्ये सेवेचे सर्व कॉल करून शेवटी ‘क्लोज’ करावे आणि त्याच्या पुढच्याच ओळीत ते व्हेरिएबल ‘ट्रू’ करावे. ‘फायनली’मध्ये ते अजून ‘फॉल्स’ असेल, तर ‘अबॉर्ट’ करावे. ‘अबॉर्ट’ सर्व्हरची वाट न पाहता चॅनेल तत्काळ सोडून देते, आणि मूळ एक्सेप्शन जसेच्या तसे वर पोहोचते. हा क्रम प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहिण्यापेक्षा, कॉल डेलिगेट (मेथडचा संदर्भ) म्हणून स्वीकारणारी एकच सामाईक मेथड लिहावी.

क्लायंट बंदच न करणे हा पर्याय नाही. नेट-टीसीपी बाइंडिंगमध्ये असे चॅनेल सर्व्हरवरचे सेशन अडवून ठेवते, आणि ‘रिसीव्ह टाइमआउट’ (शांत सेशन सर्व्हर तोडेपर्यंतची मुदत) डीफॉल्टने १० मिनिटांचा असतो. एकाच वेळच्या सेशनची डीफॉल्ट मर्यादा डॉट नेट फ्रेमवर्कच्या आवृत्ती ४ पूर्वी अवघी १० होती. ४ पासून ती प्रत्येक प्रोसेसरमागे १०० आहे. मर्यादा भरली की नवे क्लायंट ताटकळतात.

‘चॅनेल फॅक्टरी’ (चॅनेल बनवणारा ऑब्जेक्ट) तयार करणे मात्र खर्चिक असते. ती जपून ठेवून पुन्हा वापरावी आणि कामापुरते फक्त चॅनेल उघडून बंद करावे.

बदल केल्यावर कॉल चालू असतानाच सेवा मुद्दाम थांबवून पाहावी: लॉगमध्ये ‘क्लोज’चे नव्हे, तर कॉलचेच एक्सेप्शन दिसले पाहिजे.