माजी राष्ट्राध्यक्षांचा विशेषाधिकार : बातमी वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत एखाद्या माजी राष्ट्राध्यक्षाचे कागद कुणी मागितले की आपल्याकडच्या चर्चेत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, खुर्ची गेली की अधिकार गेला. दुसरा म्हणतो, त्याच्या काळातली गुपितं कायमची त्याचीच. दोघंही चुकतात. सल्लागारांशी झालेलं गोपनीय बोलणं काँग्रेसपासून (म्हणजे अमेरिकी संसदेपासून) किंवा न्यायालयापासून राखून ठेवण्याचा राष्ट्राध्यक्षाचा हक्क म्हणजे हा विशेषाधिकार, 'एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज'. माजी राष्ट्राध्यक्षालाही त्याचा दावा करता येतो. तो टिकणं ही पुढची गोष्ट.

खुर्चीबरोबर हक्कही गेला, असं धरून चालणं

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९७७ सालीच येऊन गेला. राजीनामा दिल्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना आपले कागद आणि ध्वनिफिती स्वतःकडे हव्या होत्या. सुमारे ४ कोटी २० लाख पानं आणि ८८० फिती असा तो ऐवज होता. काँग्रेसने १९७४ मध्ये कायदा करून तो सरकारच्या ताब्यात ठेवला आणि निक्सन कोर्टात गेले. न्यायालय म्हणालं, माजी राष्ट्राध्यक्षालाही हा दावा करता येतो, कारण सल्लागाराला आपलं बोलणं चार वर्षांनी चव्हाट्यावर येईल अशी भीती असेल तर तो मोकळेपणाने सल्ला देणारच नाही. पण हा हक्क व्यक्तीच्या सोयीसाठी नसून देशासाठी आहे, हेही त्याच निकालात आहे. निक्सन ७ विरुद्ध २ मतांनी हरले. त्यांचं पारडं हलकं पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे फोर्ड आणि कार्टर या नंतरच्या दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी त्यांची बाजू घेतली नाही. फोर्ड तर त्यांच्याच पक्षाचे, आणि त्या कायद्यावर सहीही फोर्ड यांचीच.

म्हणून अशी बातमी आली की आधी शोधायचं ते विद्यमान राष्ट्राध्यक्षाचं म्हणणं. आपल्याकडे ते बहुधा शेवटच्या परिच्छेदात सापडतं, कधी सापडतही नाही.

२०२२ च्या आदेशात नसलेलं वाचणं

ही चूक सर्वांत जास्त होते, आणि जाणकारही करतात. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकी संसदभवनावर झालेल्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने ट्रम्प यांच्या काळातले कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मागितले. ट्रम्प यांनी विशेषाधिकार सांगितला, बायडेन यांनी त्याला दुजोरा द्यायला नकार दिला. जिल्हा न्यायाधीश तान्या चटकन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये लिहिलं की राष्ट्राध्यक्ष म्हणजे राजे नव्हेत, आणि अर्जदार तर राष्ट्राध्यक्षही नाहीत. वाक्य झणझणीत, त्यामुळे तेच सगळीकडे फिरलं. अपील न्यायालयानेही ट्रम्प यांच्या विरोधातच निकाल दिला. १९ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कागद रोखायला नकार दिला. जाहीर असहमती फक्त न्या. थॉमस यांची.

यावरून 'माजी राष्ट्राध्यक्षाला विशेषाधिकार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं' असं लिहिणं साफ चूक. न्यायालयाने उलट सांगितलं की अपील न्यायालयाच्या मते ट्रम्प पदावर असते तरी हरलेच असते. मग ते माजी असल्याने निकालात फरक पडला नाही, आणि त्या मुद्द्यावर खालच्या न्यायालयाने जे लिहिलं ते बंधनकारक नाही. न्या. कॅव्हनॉ यांनी तर वेगळी नोंद जोडून म्हटलं की विद्यमान राष्ट्राध्यक्ष सहमत नसला तरी माजी राष्ट्राध्यक्षाला आपल्या काळातल्या संवादांसाठी हा दावा करता आलाच पाहिजे. विद्यमान आणि माजी समोरासमोर उभे ठाकले तर शेवटचा शब्द नेमका कुणाचा, हे त्या आदेशाने मोकळंच सोडलं. त्यामुळे 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

बारा वर्षांची मुदत आणि हा हक्क एकच समजणं

१९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांचे सरकारी कागद देशाच्या मालकीचे केले. पद सोडताना ठरावीक प्रकारच्या कागदांवर जास्तीत जास्त १२ वर्षं निर्बंध घालता येतात. ती मुदत संपली तरी घटनात्मक विशेषाधिकाराचा दावा करता येतो. रेगन यांच्या कागदांची मुदत २००१ मध्ये संपली तेव्हा धाकट्या बुश यांनी आदेश काढून माजी राष्ट्राध्यक्षांचे, इतकंच काय, त्यांच्या वारसांचेही हात बळकट केले. ओबामांनी २००९ मध्ये पदावर येताच तो रद्द केला. २०१४ च्या दुरुस्तीनंतर दावा स्वतः राष्ट्राध्यक्षानेच, आजी वा माजी, करावा लागतो. मुलाबाळांना तो करता येत नाही. कागद जनतेला खुले करताना माजी राष्ट्राध्यक्षाने हरकत घेतली आणि विद्यमान राष्ट्राध्यक्षाने ती उचलून धरली नाही, तर ९० दिवसांनी कागद खुले होतात. ते थांबवायचे तर कोर्टाचा आदेश आणावा लागतो.

फौजदारी संरक्षणाशी गल्लत

सर्वोच्च न्यायालयाचा ट्रम्प यांच्या प्रकरणातला १ जुलै २०२४ चा ६ विरुद्ध ३ निकाल माजी राष्ट्राध्यक्षाला फौजदारी खटल्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाबद्दल आहे, कागद दडवण्याबद्दल नाही. दोन वेगळे विषय, एवढंच.

साहेबांचा हक्क सहकाऱ्याला आपोआप मिळतो, ही समजूत

ट्रम्प यांचे माजी सल्लागार पीटर नवारो यांनी ६ जानेवारीच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या त्याच समितीचं समन्स धुडकावलं. कारण काय, तर ट्रम्प यांनी विशेषाधिकार वापरला आहे. न्यायाधीश अमित मेहता यांनी पुरावा मागितला. ट्रम्प यांनी या समन्ससाठी खरोखरच दावा केला होता असं दाखवणारं काही नवारो यांना सादर करता आलं नाही, म्हणून तो बचाव ज्युरीसमोर मांडूच दिला नाही. समन्सला माजी राष्ट्राध्यक्षाचं नाव पुढे करून उत्तर दिलं जातंय असं वाचलं, तर त्या माजी राष्ट्राध्यक्षाने स्वतः, त्याच समन्सबद्दल काही कळवलंय का, तेवढं तपासा. नवारो यांच्याकडे तसं पत्र नव्हतं आणि त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली.