कांद्याच्या भावाचं मॉडेल बनवताय? आधी शफल बंद करा

मशीन लर्निंग शिकताना सगळे टायटॅनिक आणि आयरिसच्या सरावाच्या डेटावर हात बसवतात, ते ठीकच आहे, पण रोज बदलणारा भाव पुढ्यात आला की तिथं शिकलेली एक सवय, डेटाच्या ओळी पिसायची म्हणजे शफलची, घात करते. मी लासलगावच्या कांद्याचे भाव घेऊन बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळला याचं माप, एक म्हणजे तंतोतंत) जवळपास एक आला, घरच्यांना दाखवायला उठलो होतो, मग थांबून बघितलं तर सगळंच खोटं. ते कशामुळे झालं आणि नीट कसं करायचं ते सांगतो.

डेटा अ‍ॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर मिळतो, रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव रुपये प्रति क्विंटलमध्ये. लासलगाव, निफाड, विंचूर यांच्या ओळी वेगवेगळ्या असतात, त्यातलं एकच मार्केट घ्या. पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) फाईल वाचताना तारखेचा फॉरमॅट स्वतः सांगा, नाहीतर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च यात घोळ होतो आणि एररही येत नाही. मग तारखेनुसार सॉर्ट करा, हे विसरलात तर पुढचं सगळं उलटं, कारण मागचा भाव पुढच्या ओळीत आणणारं शिफ्ट फंक्शन तारीख बघत नाही, फक्त ओळी सरकवतं.

आता न भरलेले दिवस. रविवार, दिवाळी, शिवाय अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी पद्धत होती, म्हणून मधल्या तारखाच नसतात. तिथं शून्य भरू नका!! शून्य म्हणजे कांदा फुकट गेला असं मॉडेल समजणार. नसलेला दिवस नसूच द्या आणि मागच्या लिलावाला किती दिवस झाले हा एक वेगळा कॉलम करा. याचा अजून एक फायदा आहे, लाल आणि उन्हाळ कांदा वेगळे ठेवावेच लागतात (एक टिकत नाही, दुसरा चाळीत महिनोन्‌महिने राहतो, भावाचं गणितच निराळं), आणि उन्हाळचा हंगाम संपून नवा सुरू झाला की शिफ्ट एक म्हणजे कालचा नाही, काही महिन्यांपूर्वीचा भाव होतो. अशा ओळी त्या दिवसांच्या कॉलमवरून ओळखून काढून टाका. टार्गेटलाही, म्हणजे ज्याचा अंदाज काढायचा त्या भावालाही, हेच लागू.

टार्गेट काय? समजा ७ लिलाव पुढचा सर्वसाधारण भाव. फीचरमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या माहितीत, आजचा भाव, मागचे काही भाव, मागच्या १४ लिलावांची सरासरी, आवक आणि महिना. नियम एकच, जे आज संध्याकाळी आपल्या हातात असतं तेवढंच द्यायचं. माझी चूक इथंच होती, ज्या दिवसाचा सर्वसाधारण भाव काढायचा त्याच दिवसाचे किमान आणि कमाल भाव मी मॉडेलला दिले होते, मग उत्तर बरोबर येणार नाही तर काय.

दुसरी चूक शफलची. डेटाचे शिकवायचा (ट्रेन) आणि तपासायचा (टेस्ट) असे दोन भाग करणारं ट्रेन-टेस्ट-स्प्लिट आपोआप ओळी पिसतं, म्हणजे मंगळवारचा भाव टेस्टमध्ये आणि सोमवार-बुधवारचा ट्रेनमध्ये, मॉडेल मधला आकडा नुसता जुळवून देतं. त्याऐवजी सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतला टाइम-सिरीज-स्प्लिट वापरा, तो आधीच्या काळावर शिकवून नंतरच्या काळावर तपासतो, आणि त्यात गॅप ७ ठेवा, म्हणजे दोन्हींच्या मधल्या ७ ओळी सोडा, कारण ट्रेनमधल्या शेवटच्या ओळींचं टार्गेट टेस्टच्या काळातलं असतं.

मॉडेलच्या आधी एक साधा अंदाज काढा, ७ लिलावांनंतरही आजचाच भाव राहील. याची सरासरी चूक, म्हणजे एमएई, रुपयांत काढून ठेवा. हे हरवणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि जे मॉडेल याला हरवत नाही ते शेतकऱ्याला दाखवू नका, त्याच्या ट्रॅक्टरभर मालाचा प्रश्न आहे.

रँडम फॉरेस्ट वापरणार असाल तर थेट भाव न काढता आजच्या भावापासूनचा फरक काढा. डिसिजन ट्रीवर, म्हणजे हो-नाहीच्या प्रश्नांच्या फांद्यांवर, चालणारं हे मॉडेल ट्रेनिंगमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जाऊच शकत नाही, भाव उसळला की तिथंच अडकतं. आणि ८ डिसेंबर २०२३ ला लागलेली निर्यातबंदी, जी मे २०२४ मध्ये उठली, तसली गोष्ट मागच्या भावात कुठंच दिसत नाही. तिच्यासाठी शून्य-एकचा कॉलम करा, पण एक हा घोषणेच्या दिवसापासूनच, एक दिवसही आधी नको, आणि त्या काळातली चूक वेगळी काढून बघा.

पायथनऐवजी आर या भाषेत करणाऱ्यांनी मागचा भाव आणायला डीप्लायर या पॅकेजचं लॅग वापरा, आरचं स्वतःचं लॅग साध्या कॉलमवर आकडे सरकवतच नाही आणि काही बोलतही नाही, मग आजचाच भाव कालचा म्हणून आत जातो.