सॉकेट डॉट आयओ कनेक्टच होत नाहीये? आधी दोन्हीकडची व्हर्जन बघा

सॉकेट डॉट आयओ म्हणजे ब्राउझर किंवा ॲप (क्लायंट) आणि सर्वर यांच्यात सतत चालू राहणारं कनेक्शन ठेवणारी लायब्ररी. सर्वर चालू आहे, पोर्ट बरोबर आहे, फायरवॉल बघून झाली, तरी ब्राउझर दर काही सेकंदांनी नवी रिक्वेस्ट मारतोय आणि कनेक्ट इव्हेंट काही येत नाही. अशा वेळी कोडला लगेच हात लावू नका. क्लायंट आणि सर्वर दोन्हीकडे सॉकेट डॉट आयओचं कुठलं व्हर्जन आहे ते आधी बघा, कारण नोव्हेंबर २०२० मध्ये व्हर्जन ३ आलं तेव्हा खालचा प्रोटोकॉलच (दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलायचे नियम) बदलला आणि तेव्हापासून जुनं-नवं आपोआप जुळत नाही.

आता इथे बरेच जण फसतात. सॉकेट डॉट आयओच्या खाली इंजिन डॉट आयओ नावाचा थर असतो आणि त्याच्या प्रोटोकॉलचा नंबर वेगळा असतो. लायब्ररी १ आणि २ वापरतात प्रोटोकॉल ३, लायब्ररी ३ आणि ४ वापरतात प्रोटोकॉल ४. म्हणजे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्टच्या पत्त्यात ईआयओ=३ (ईआयओ म्हणजे इंजिन डॉट आयओ) दिसलं तर तो क्लायंट व्हर्जन ३ चा नाहीये, १ किंवा २ चा आहे.

मग तपासायचं कसं? नेटवर्क टॅबमधली पहिली पोलिंग रिक्वेस्ट (पत्त्यात ट्रान्सपोर्ट=पोलिंग असलेली) उघडा आणि रिस्पॉन्स वाचा. नवा सर्वर नव्या क्लायंटला उत्तर देतो ते थेट शून्याने सुरू होतं आणि लगेच महिरपी कंस, आत सेशन आयडी, पिंग इंटरव्हल वगैरे. जुन्या सर्वरचं उत्तर मात्र आधी लांबीचा आकडा, मग कोलन, मग शून्य आणि कंस असं येतं. ईआयओ=४ वाल्या रिक्वेस्टच्या उत्तरात हा सुरुवातीचा आकडा दिसला की सर्वर २ किंवा त्याआधीचा आहे हे पक्कं, मग पॅकेज डॉट जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या लायब्ररींची यादी असलेली फाइल) काहीही लिहिलेलं असो. आणि ४०० स्टेटससोबत कोड ५, अनसपोर्टेड प्रोटोकॉल व्हर्जन असं आलं तर उलटी केस, सर्वर नवा आणि क्लायंट जुना. कोड १, सेशन आयडी अननोन आला तर मात्र व्हर्जनच्या मागे लागू नका, तिथे बहुतेक वेळा रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या मागे एकापेक्षा जास्त सर्वर असतात आणि स्टिकी सेशन, म्हणजे एका क्लायंटला कायम त्याच सर्वरकडे पाठवणं, लावलेलं नसतं.

कनेक्शन कसंबसं जोडून दिलं तरी चालणार नाही, कारण पिंगची (कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणाऱ्या छोट्या मेसेजची) दिशाच बदललीये. आधी क्लायंट पिंग पाठवायचा आणि सर्वर पाँग द्यायचा, आता सर्वर पिंग पाठवतो. ब्राउझर मागे पडलेल्या टॅबमधले टायमर हळू करतो, त्यामुळे क्लायंटचं पिंग उशिरा जायचं आणि चांगलं चाललेलं कनेक्शन तुटायचं, म्हणून हा बदल केला. बदल योग्यच आहे, पण जुना क्लायंट आणि नवा सर्वर दोघांचे नियम वेगळे झाले.

आता अपग्रेड. माझं ठाम मत आहे, आधी सर्वर, मग क्लायंट. नवा क्लायंट जुन्या सर्वरशी अजिबात जुळत नाही, त्याला कुठलंही सेटिंग नाही. उलट बाजूने रस्ता आहे: सर्वर थेट ४ वर न्या आणि ऑप्शनमध्ये अलाऊ-ईआयओ-३ ट्रू करा (ही सोय ३.१ पासून आहे), मग व्हर्जन २ चे क्लायंटही चालतात. वेबसाइट आज बदलली की उद्या सगळ्यांना नवी मिळते, पण मोबाइल ॲप लोक महिनोन्महिने अपडेट करत नाहीत, त्यांना तोडायचं नसेल तर हाच मार्ग. सोबत कॉर्सही (कुठल्या वेबसाइटवरून, म्हणजे ओरिजिनवरून, आलेल्या रिक्वेस्ट चालतील ते सांगणारं सेटिंग) लिहा, व्हर्जन २ मध्ये डिफॉल्टने सगळे ओरिजिन चालायचे, ३ पासून स्वतः सांगावं लागतं, आणि जुना क्लायंट क्रेडेन्शियल्ससकट (कुकी वगैरे) रिक्वेस्ट पाठवतो म्हणून ओरिजिनच्या जागी नुसती चांदणी (*) टाकून भागत नाही, ओरिजिनचं नाव आणि क्रेडेन्शियल्स ट्रू दोन्ही द्या. मग प्रत्येक कनेक्शनला सॉकेट डॉट कॉन डॉट प्रोटोकॉल लॉग करा, ३ की ४ ते कळतं, आणि ३ येणं थांबलं की तो ऑप्शन काढून टाका.

जावास्क्रिप्टच्या बाहेर नंबर आणखी गोंधळात टाकतात, तिथे अंदाजाने जाऊ नका. जावा क्लायंट १ हा सर्वर २ साठी, जावा क्लायंट २ हा सर्वर ३ आणि ४ साठी. पायथनमधल्या फ्लास्क-सॉकेटआयओ ४ या सर्वर लायब्ररीसोबत ब्राउझरमध्ये क्लायंट १ किंवा २ लागतो, फ्लास्क-सॉकेटआयओ ५ सोबत ३ किंवा ४. आणि पायथनच्या नव्या सर्वरमध्ये जुन्या क्लायंटसाठी वर सांगितलेला ऑप्शन नाहीये, तिथे दोन्ही बाजू एकदम जुळवाव्या लागतात, कुणी नुसतं पिप अपग्रेड मारलं आणि पेजमधला जुना स्क्रिप्ट टॅग तसाच राहिला की सगळं बंद.

साध्या वेबसॉकेट क्लायंटने सॉकेट डॉट आयओ सर्वरशी बोलायचा प्रयत्न करत असाल तर तोही सोडा, दोन्ही वेगळे प्रोटोकॉल आहेत.

नोडचा सर्वर असेल तर ब्राउझरसाठी सगळ्यात सोपं म्हणजे क्लायंट फाइल बाहेरून आणूच नका, सर्वर स्वतः सॉकेट डॉट आयओच्या पाथवर स्वतःच्याच व्हर्जनची फाइल देतो, ती लावा. सीडीएनवरूनच (लायब्ररीच्या फाइल देणाऱ्या बाहेरच्या सर्वरवरून) घ्यायची असेल तर लिंकमध्ये पूर्ण व्हर्जन नंबर लिहा आणि सर्वर अपग्रेडच्या त्याच कमिटमध्ये तो बदला.